जिप्सी विकली, नावावरून मात्र उतरेना

गाडी दलालाला द्यायची नाही, जिप्सीचा नाद असलेल्यालाच द्यायची, हे माझी मारुती जिप्सी विकताना पहिल्यापासून ठरलेलं होतं. माणूस भेटलाही तसाच. भाव, पैसे, चावी, सगळं गोडीत झालं. गाडं अडलं ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर.

नव्या मालकाने आठवड्याभरात नवे टायर घातले, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) बसवला, फोटोही टाकले. फॉर्म ३०, म्हणजे गाडी नावावर करून घेण्याचा अर्ज, मात्र गाडीच्या कप्प्यात पडून. फोन केला की "दादा, पुढच्या आठवड्यात नक्की." मग माझ्या मोबाईलवर ई-चलन आलं. फोटोत माझी जिप्सी, त्यावर त्याचा विंच, आणि दंड माझ्या नावावर!

नाद सारखा असला म्हणून कायदा सैल होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार गाडी राज्यातच विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. "गाडी तर मी केव्हाच विकली" हे तिथे चालत नाही.

मी चावी देतानाच डिलिव्हरी नोट केली होती: तारीख, वेळ, किलोमीटर, दोघांच्या सह्या, सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत. वेळ अवश्य लिहा. ती होती म्हणूनच दंड झाला तेव्हा गाडी कोणाच्या ताब्यात होती, यावर वाद झाला नाही. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नका. घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरलेलाच फॉर्म २९ (विक्री कळवण्याचा फॉर्म) दोन प्रतींत द्या, एकीचा फोटो स्वतःजवळ ठेवा. चासी (गाडीचा सांगाडा) नंबरची पेन्सिल प्रिंट, म्हणजे कागद ठेवून पेन्सिल घासून उमटवलेला ठसा, गाडी दारात असतानाच काढून घ्या, नंतर त्या कागदाच्या चिटोऱ्यासाठी गाडी मागे बोलवावी लागते. पुढच्या वेळी मी ट्रान्सफर होईपर्यंत अनामत ठेवून घेणार, मित्र असला तरी.

एकदाचा अर्ज भरला गेला, तेव्हा घेणाऱ्याच्या एजंटचा भर दुपारी फोन, "ओटीपी सांगा पटकन." ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाईलवर येतो. घेणाऱ्याने आदल्या दिवशी तसं सांगून ठेवावं, एवढी माफक अपेक्षा. अनोळखी आवाजाला ओटीपी कोण देईल? (जुना नंबर बंद असेल तर विक्रीआधीच बदलून घ्या. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेटही आधीच लावा, नाहीतर आरटीओत काम अडतं.)

आता बघायला येणाऱ्यांबद्दल. फोटोसुद्धा न बघता "फायनल किती?" विचारणाऱ्याला मी उत्तरच देत नाही. येणार नसाल तर तसं कळवा. इंजिन थंड असताना बघायचं असेल तर आधी सांगा, मी गाडी सुरू न करता ठेवीन. रेडिएटरचं झाकण, ऑइल, पहिल्या स्टार्टचा धूर, हे सगळं तेव्हाच नीट कळतं. चटई उचला, पत्रा दाबून बघा, मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, म्हणजे पाटे चासीला जोडणाऱ्या कडीजवळ, गंज शोधा, खुशाल. पण मालकासमोर मेकॅनिककडून गाडीचा पंचनामा करवून भाव पाडू नका.

आणि ट्रायलला कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून स्टिअरिंग पूर्ण कापणारे महाभाग! जिप्सीला मध्ये डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) नसतो. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात, त्याचा ताण सगळा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) आणि जॉइंटवर येतो. फोर-व्हील तपासायचंच असेल तर मातीवर तपासा, आणि लिव्हर मालकाला टाकू द्या.

फास्टॅग चावी देण्याआधीच बंद करा. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सूट) गाडीचा नसतो, तुमचा असतो, त्याचं पत्र विमा कंपनीकडून घ्या. पॉलिसी नावावर करून घेण्यासाठी घेणाऱ्याला १४ दिवस असतात, हे त्याला लिहूनच पाठवा.