पट्टा गप्प बसतो तेव्हा

अंध माणसाला पांढरी काठी कमरेखालचं सगळं सांगते. नागपूरच्या बर्डी बाजारात अर्धवट ओढलेलं शटर, खाली लोंबणारा फलक, उभ्या ट्रकचा उघडा फाळका मात्र तिला सापडत नाही. ते थेट कपाळावर बसतं. पुढे अडथळा आला की थरथरून सांगणारा छातीवरचा अल्ट्रासॉनिक पट्टा तेवढ्यासाठीच. काठी हातात हवीच.

सामान थोडकं: आर्डुइनो नॅनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर, १० मिमीची नाण्याएवढी कंपन मोटर, २एन२२२२ ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा रेझिस्टर, डायोड. मोटर नॅनोच्या पिनला सरळ जोडू नका, ट्रान्झिस्टरमधून जोडा. पिनची कमाल मर्यादा ४० मिलीअँपिअर, मोटर त्याच्या दुप्पट ओढू शकते. सेन्सरचं तोंड २० ते २५ अंश वर ठेवा, म्हणजे मीटरभर पुढचं डोक्याच्या उंचीवरचं सापडतं. इशारा मोकळ्या रस्त्यावर १५० सेंमीला, गर्दीत ८० ला. गर्दीतही १५० ठेवलं तर पट्टा सारखा थरथरतो आणि माणूस वैतागून काढून ठेवतो.

खरा घोळ शांततेचा आहे. ठरलेल्या वेळेत प्रतिध्वनी मिळाला नाही की पल्सइन, म्हणजे ती वेळ मोजणारी आर्डुइनोची आज्ञा, शून्य देते. कोडने ते शून्य सेंटिमीटर धरलं, तर मोकळ्या मैदानातही मोटर थरथरते; म्हणून शून्य वेगळं काढा. उलट बाजू जास्त घातक. सेन्सर आणि नॅनो मिळून इतका कमी करंट घेतात, की बऱ्याच पॉवर बँका ‘काही जोडलेलं नाही’ समजून थोड्या वेळात बंद पडतात. पट्टा मेलेला, आणि घालणारा समजतो रस्ता मोकळा! यावर उपाय एकच: दर १० सेकंदांनी मोटरची एक हलकी टिचकी. मोटरची केसासारखी तार डाखाजवळ तुटली तरी टिचकी थांबते आणि लगेच कळतं. तार गरम गोंदाने पक्की करून टाका.

नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांना ध्वनी सेकंदाला सुमारे ३५८ मीटर धावतो. कोडमध्ये ३४३ असेल तर दीड मीटर १४४ सेंमी दिसतं. त्याने काही बिघडत नाही. बॅटरीला जपा. उन्हातून आलेला लिथियम सेल निवल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

कपडे वाळत घालायची बारीक तार, तिरपी काच, जाड मऊ कापड या सेन्सरला भरवशाने सापडत नाही. पट्टा हाती देतानाच हे सांगा. टिचकी आली नाही तर थांबायचं, कोपर वाकवून हात चेहऱ्यासमोर आडवा धरायचा, तळवा बाहेर, आणि मग पाऊल टाकायचं.