वेल्सचा रग्बी संघ पुन्हा उभा करायचा, तर सुरुवात तीन नंबरच्या जर्सीपासून

कार्डिफचं प्रिन्सिपॅलिटी स्टेडियम शहराच्या ऐन मध्यात आहे. रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की चालत पाच मिनिटांत फाटकाशी पोहोचता येतं. सामन्याच्या दिवशी आसपासचे रस्ते गाड्यांना बंद होतात आणि लाल जर्सी घातलेल्या माणसांनी भरून जातात. देशाची लोकसंख्या साधारण ३१ लाख आणि स्टेडियमची क्षमता ७४,००० च्या आसपास. यावरून इथे रग्बी म्हणजे काय याचा अंदाज यावा.

याच मैदानात मार्च २०२५ मध्ये इंग्लंडने वेल्सला ६८-१४ असं हरवलं. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेने ७३-० केलं. त्याआधी हा संघ सलग १८ कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय, सामने हरला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये विश्वचषकात जॉर्जियाला हरवल्यानंतर पुढचा विजय थेट १२ जुलै २०२५ ला मिळाला, तोही जपानमध्ये, कोबे इथे. २०१९ मध्ये सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेचे पाचही सामने जिंकून ग्रँड स्लॅम आणि २०२१ मध्ये विजेतेपद मिळवणाऱ्या संघाची ही गत आहे.

लांबून स्कोअर पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो प्रशिक्षकाचा. प्रशिक्षक बदलून झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रोमला इटलीकडून हार झाल्यावर वॉरन गॅटलंड गेले, मॅट शेरॅट हंगामी म्हणून आले आणि उन्हाळ्यात स्टीव्ह टँडींची नेमणूक झाली. पण २००८, २०१२ आणि २०१९ चे ग्रँड स्लॅम याच गॅटलंडच्या हाताखाली आले होते. त्यांची पद्धत रातोरात बिघडली नव्हती. ती पद्धत राबवणारी माणसं गेली होती. ॲलन विन जोन्स आणि जस्टिन टिपुरिक मे २०२३ मध्ये निवृत्त झाले, डॅन बिगर विश्वचषकानंतर थांबला, लुई रीस-झॅमिट जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकन फुटबॉल खेळायला निघून गेला. एवढी माणसं एका वर्षात जातात तेव्हा त्यांच्या मागे कोण तयार होतं, हे उघडं पडतं. वेल्समध्ये मागची रांग रिकामी होती, आणि सर्वांत रिकामी होती ती तीन नंबरच्या जर्सीची.

तीन नंबर म्हणजे टाइटहेड प्रॉप, स्क्रमच्या पहिल्या रांगेतला उजवीकडचा खेळाडू. स्क्रममध्ये चेंडू मिळवायला दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण एकमेकांत खांदे अडकवून ढकलतात. डावीकडच्या प्रॉपचा एक खांदा मोकळा असतो. उजवीकडच्या टाइटहेडचं डोकं मात्र समोरचा प्रॉप आणि त्यांच्या रांगेतला मधला खेळाडू, म्हणजे हुकर, या दोघांच्या मधे अडकलेलं असतं, म्हणजे दोन माणसांचं आणि त्यांच्या मागून येणाऱ्या सगळ्या रेट्याचं वजन एका मानेवर आणि पाठीवर येतं. कुस्ती पाहिलेल्या माणसाला ही बैठक लगेच कळेल. पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे वाकलेले, कंबर खांद्याच्या वर नाही, पाठ फळीसारखी सपाट.

बिघडतं ते बहुतेक वेळा कोपरापासून. रेफरी ‘क्राउच, बाइंड, सेट’ म्हणतो. त्यातल्या ‘बाइंड’ला टाइटहेडने समोरच्याच्या जर्सीला लांब हाताने, पाठीकडे घट्ट पकड घ्यायची असते. अननुभवी पोरगा जवळच, दंडाशी पकडतो. मग दाब आला की कोपर खाली झुकतं, त्यामागून खांदा उतरतो, पाठ कमानीसारखी वर येते आणि स्क्रम कोसळतो. रेफरीचा हात वर जातो आणि पेनल्टी मिळते. समोरचा संघ ती टचबाहेर, म्हणजे कडेच्या रेषेबाहेर मारून चूक करणाऱ्या संघाच्या पाच मीटर रेषेवर लाइनआउट घेतो (कडेवरून चेंडू दोन रांगांच्या मधे फेकतो), मॉल बांधतो (चेंडूवाल्याभोवती घोळका करून पुढे रेटतो) आणि ट्राय करतो (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवतो). धावफलकावर पाच-सात गुण दिसतात, त्यांचं मूळ ५० मीटर मागे झुकलेल्या त्या कोपरात असतं. यात मागच्या लॉकचाही, म्हणजे दुसऱ्या रांगेतून ढकलणाऱ्याचाही, दोष असू शकतो. त्याचा खांदा प्रॉपच्या कुल्ल्याखाली सरळ बसला नाही आणि जोर तिरका आला, तर प्रॉपचे पाय बाहेर सरकणारच. व्हिडिओ पाहताना पुढच्याला बोल लावण्याआधी मागच्याचे पाय बघावेत.

अशी माणसं विशीत तयार होत नाहीत. प्रॉप सत्ताविशीच्या आसपास पिकतो. ॲडम जोन्सचं उदाहरण इथे सगळ्यांना माहीत आहे. २००३ मध्ये तेव्हाचे प्रशिक्षक स्टीव्ह हॅन्सन त्याला अर्ध्या तासातच बाहेर काढत, कारण त्याहून जास्त दम त्याच्यात नव्हता. पण त्याला संघातून काढून टाकलं नाही. पुढे २००५, २००८ आणि २०१२ या तिन्ही ग्रँड स्लॅम संघांत तो तीन नंबरला होता. आज असा धीर कोणी दाखवत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

करायचं काय, तर प्रत्येक व्यावसायिक संघात वेल्ससाठी पात्र असलेला, चोविशीच्या आतला निदान एक टाइटहेड हवा आणि त्याला हंगामात किमान १५ सामने सुरुवातीपासून मिळायला हवेत. बाहेरून आणलेला तयार प्रॉप आजचा सामना जिंकून देतो, पण या पोराची जागा अडवतो. वरच्या पातळीवर जागा नसेल तर सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली सुपर रग्बी कम्री ही १० क्लबांची अर्धव्यावसायिक स्पर्धा आहे, तिथे पाठवा. बाकावर बसून स्क्रम शिकता येत नाही. सरावात आठवड्याला खऱ्या माणसांविरुद्ध ८ ते १० स्क्रम पुरेत, बाकी यंत्रावर. मानेचा व्यायाम आठवड्यातून तीनदा, चारही दिशांना, दर वेळी १५-२० सेकंद दाब धरून. याहून जास्त लादलं तर शनिवारच्या सामन्याआधीच मान आखडते.

लाइनआउटमध्ये गोंधळ वेगळा असतो. हरत असलेला संघ हुशारी वाढवायला जातो, चेंडू कोणाकडे जाणार हे सांगणाऱ्या खुणा तीसपर्यंत पोहोचतात, आणि ७० व्या मिनिटाला दमलेला लॉक चुकीच्या खुणेवर उडी मारतो. आठ-दहा खुणा पुरतात. स्वतःच्या गोलरेषेपासून २२ मीटरच्या आत चेंडू पुढच्या माणसाकडेच टाकावा, तिथे फेक आखूड असते आणि चुकीला वाव कमी. फेक हुकर करतो; त्याच्या हातून चेंडू सुटतो त्या क्षणी उडी मारणाऱ्याचे पाय जमीन सोडत असायला हवेत. पुढचा उचलणारा गुडघ्याच्या वर मांडीला धरतो, मागचा कुल्ल्याखाली. दोघांतला एक अर्धा क्षण उशिरा आला तरी उडी तिरकी जाते आणि दोष मात्र फेकणाऱ्याच्या माथी बसतो. हुकरने रोज २५-३० फेकी कराव्यात आणि त्यातल्या निम्म्या तरी धावून दम लागल्यावर, कारण सामन्यात तो ताजातवाना कधीच नसतो. आपल्या फेकीवर १० पैकी ९ चेंडू हातात, एवढं एकच लक्ष्य पहिल्या वर्षाला पुरे. चेंडू हाती नसेल तर मागच्या फळीत कितीही वेगवान पोरं असून उपयोग काय?

स्वतःच्या २२ मधून बाहेर पडणं हा दुर्लक्षित विषय आहे. दुबळा संघ गुण मिळवतो आणि पुढच्या तीन मिनिटांत ते परत देतो. कारण गुणांनंतर खेळ पुन्हा सुरू करणारी समोरून आलेली किक नीट झेलली जात नाही. झेललीच तर दोन-तीन रक (जमिनीवरच्या चेंडूवर उभ्याने केलेली रेटारेटी) करत तिथेच घुटमळतात आणि पेनल्टी देतात. क्रम साधा ठेवावा. झेल, एक जोरकस धाव, एक घट्ट रक, आणि रकमधून चेंडू काढणाऱ्या स्क्रम-हाफची उंच किक. रेफरी ‘यूज इट’ म्हणाल्यावर पाच सेकंद असतात, तेवढ्यात पायाला चेंडू लागला पाहिजे. किक साधारण २५-३० मीटर लांब आणि चार सेकंद हवेत. ती जास्त लांब गेली तर पाठलाग करणारे पोहोचत नाहीत आणि समोरचा सर्वांत मागे उभा असलेला फुलबॅक मोकळा धावत सुटतो. २०२४ च्या शरद ऋतूपासून झेलणाऱ्याभोवती आडोसा करून उभं राहणाऱ्यांवर रेफरी कडक झाले आहेत, त्यामुळे हवेतल्या चेंडूसाठी आता खरी झुंज होते. कडेला खेळणाऱ्या विंगरची निवड करताना वेगाइतकंच हेही बघायला हवं. बाजूला वळून, एक गुडघा वर घेऊन, डोक्याच्या वर झेल घेता येतो का?

पेनल्टीचा हिशेब सोपा आहे. सामन्यात दहाच्या आत ठेवायच्या. बचावात रकमध्ये हात घालण्याचा मोह सर्वांत महाग पडतो. पहिला आलेला खेळाडू चेंडूवर पायांवर उभा राहू शकत नसेल, तर त्याने रक सोडून रांगेत उभं राहावं.

बदली खेळाडूंबाबत एकच. २३ जणांच्या संघात पहिल्या फळीचे सहा जण असतात, आणि त्यांतले बाकावरचे तिघे ताजे प्रॉप-हुकर ५० ते ५५ मिनिटांच्या दरम्यान आत यायला हवेत. दुबळ्या संघाचा प्रशिक्षक बदलीवर भरवसा नसल्यामुळे पहिल्यांनाच ६५ मिनिटांपर्यंत ताणतो, आणि सामना त्या दहा मिनिटांत हातचा जातो. हा भरवसा पुन्हा येऊन ठेपतो तो क्लबमध्ये मिळालेल्या सामन्यांवर.

मैदानाबाहेरचा घोळ मोठा आहे. कार्डिफ, ऑस्प्रेज, स्कार्लेट्स आणि ड्रॅगन्स हे चार व्यावसायिक संघ. एप्रिल २०२५ मध्ये कार्डिफ आर्थिक अडचणीत आला आणि वेल्श रग्बी युनियनला तो ताब्यात घ्यावा लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये चाराचे तीन करण्याचा निर्णय जाहीर झाला. आमच्या मते तीन संघ चालतील, पण वाचलेला पैसा चौदा ते वीस वर्षांच्या मुलांच्या अकादम्यांत गेला तरच. तसं झालं नाही तर फक्त प्रॉपच्या उभं राहण्याच्या जागा चाराच्या तीन होतील.

परदेशी खेळणाऱ्यांचा प्रश्नही याला जोडून आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी ठरलेल्या मुदतीतच खेळाडू सोडणं क्लबांना बंधनकारक असतं. दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा तो ७३-० चा सामना मुदतीबाहेर ठेवला होता, त्यामुळे इंग्लंड-फ्रान्समध्ये खेळणारे वेल्सचे खेळाडू मिळालेच नाहीत. तिकीटविक्रीच्या पैशासाठी असा चौथा सामना ठेवला जातो. घडत असलेल्या संघाला तो परवडत नाही. त्याऐवजी त्या आठवड्यात विशीतल्या पोरांचं शिबिर घ्यावं. वेल्सबाहेर खेळणाऱ्यांसाठी असलेली किमान कसोटींची अट २०२३ मध्ये ६० वरून २५ वर आणली, ते योग्यच झालं.

हे सगळं किती वर्षांत फळेल? वेल्स २००३ मध्ये सिक्स नेशन्सचे पाचही सामने हरला होता आणि २००५ मध्ये त्याने पाचही जिंकले. इटलीला जास्त वेळ लागला. सिक्स नेशन्समध्ये सलग ३६ पराभव, आणि मग मार्च २०२२ मध्ये याच कार्डिफच्या मैदानात शेवटच्या मिनिटाला कापुओत्सोने उजव्या कडेने बचाव भेदला, पादोव्हानीने ट्राय केला आणि इटली २२-२१ ने जिंकला. त्यामागे बरीच वर्षं वीस वर्षांखालच्या संघावर केलेली मेहनत होती.

पुढचा विश्वचषक ऑक्टोबर २०२७ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू होतो, आणि वेल्सच्या गटात इंग्लंड आहे. तोवर वेल्सचा कुठलाही सामना लावलात तर ५५ व्या मिनिटाचा स्क्रम बघा. तीन नंबरला नुकताच आत आलेला तो कोवळा पोरगा दिसेल. त्याचा उजवा हात समोरच्याच्या पाठीवर लांब गेलाय का आणि कोपर वर राहिलंय का, तेवढं बघा.