ती लंगडत नव्हती

सोमवार, रात्री

हिच्या डाव्या टाचेला फोड आलाय. शनिवारी माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालली. भजनी मंडळातल्या बायका दरवर्षी जातात, हीही दरवर्षी "यंदा नक्की" म्हणायची आणि काही ना काही आडवं यायचं. या वर्षी गेली. तीसेक किलोमीटरची चाल, त्यात दिवे घाट, आणि हडपसरला तुकोबांची पालखी लोणीच्या वाटेला लागली तेव्हापासून पावसाची भुरभुर. रात्री पीएमटीने परतली ती चेहरा उजळूनच. जेवताना घाटाशिवाय दुसरा विषय नाही.

आज दुपारी माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढली, चवड्यांवर उभी राहिली, आणि मला तिची टाच दिसली. मागच्या कडेला सुपारीएवढा फोड, टरारून फुगलेला, आत पिवळसर स्वच्छ पाणी. भोवतीची कातडी लालसर. म्हटलं, "दुखत नाही का गं?" तर म्हणाली, "काय दुखत नाही?"

तेव्हा पोटात गोळा आला. फोड आला म्हणून नाही, फोड कुणालाही येतो. एवढा मोठा फोड घेऊन ही घरभर फिरत होती, स्वयंपाक केला, खाली जाऊन भाजी आणली, आणि लंगडत नव्हती.

हिला बरीच वर्षं शुगर आहे. गोळ्या वेळेवर, चालणं रोजचं, भात मोजून. या बाबतीत ती माझ्यापेक्षा कितीतरी शिस्तीची. पण पायांच्या नसा हळूहळू बधिर होत जातात आणि ते कळत नाही, कारण जे कळवणार तेच मुकं होत असतं.

पाय बघायला खाली बसलो तर तिने झटकन मागे घेतला. "अहो, पायाला काय हात लावताय! मला पाप लावताय का?" आमच्या घरात हे असंच चालत आलंय. तिने माझे पाय चेपले, सासूबाईंच्या भेगांना कोकम तेल चोळलं, मुलांच्या पायातले काटे काढले. तिच्या पायाला आजवर कुणी हात लावला नव्हता. लावू दिला नव्हता. मी म्हटलं, "परवा वाटेत किती जणांनी माउली म्हणून तुझ्या पायांना हात लावला? तेव्हा मागे घेतलास का?" त्यावर काही बोलली नाही. पाय पुढे केला.

मंगळवार

सकाळीच डॉक्टरांकडे गेलो. शुगर असलेल्या माणसाच्या पायाचा फोड घरी बसून "बघू दोन दिवस" म्हणण्यातला नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी फोड फोडला नाही. वरची कातडी शाबूत आहे तोवर तीच सगळ्यात चांगली पट्टी, म्हणाले. खालच्या कोवळ्या कातडीला ती झाकते, जंतू आत जाऊ देत नाही. आतलं पाणी शरीर आपोआप शोषून घेतं. फोड का येतो तेही सांगितलं: मोजा आणि बूट कातडीला धरून ठेवतात, आत हाड पुढेमागे सरकत राहतं, आणि या ओढाताणीत कातडीचे वरचे थर एकमेकांपासून सुटतात. त्या पोकळीत पाणी भरतं. ओली कातडी कोरडीपेक्षा जास्त धरून राहते. म्हणजे पावसाने भिजलेल्या मोज्यांनीच घात केला. (सासवडला पोचल्यावर मोजे बदलले असते तरी फोड घाटातच आला असणार.)

घरी आलो तर शेजारच्या काकू बसलेल्या. सुई तापवायची, दोरा ओवायचा, फोडातून आरपार न्यायचा आणि दोरा तसाच ठेवायचा, पाणी झिरपून जातं. त्यांच्या माहेरी वारीला जाणारे सगळे असंच करायचे. काकूंची माया खरी आहे, पण तो दोरा म्हणजे बाहेरची घाण आत जायची वाट. हळद-तेलालाही नाही म्हटलं. आणि हिला स्वतःला हवं होतं गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसायला. त्यालाही नाही. ज्या पायाला फोड कळला नाही त्याला पाणी किती कढत आहे ते कसं कळणार? शिवाय भिजून कातडी आणखी हळवी होते. कोमट पाणी, तेही मी कोपर बुडवून बघितलेलं, साबणाचा हलका हात, आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. बेचक्यांत क्रीम नाही, तिथे ओल राहिली की बुरशी धरते.

गुरुवार

फोड रात्रीत कडेने फुटला. पायमोजा ओला झाला होता. तिला पत्ता नव्हताच.

कातडी सुरकुतून खाली बसलीय. ती ओढून काढायचा मोह होतो, लोंबते म्हणून. काढली नाही. धुतलं, स्वच्छ गॉजने टिपलं, कातडी हलक्या बोटाने जागेवर पसरली. व्हॅसलिनचा पातळ हात, म्हणजे गॉज चिकटत नाही. वरून गॉज, कडेने कागदी चिकटपट्टी, पण पायाभोवती गोल वेढा नाही. सूज आली तर करकचून बसते. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, उद्या दाखवायला या म्हणाले. तोवर बघायचं ते असं: लाली पसरते का, पू किंवा वास येतो का, टाच दुसऱ्या टाचेपेक्षा गरम लागते का, ताप. रोज एकाच जागी, खिडकीपाशी, मोबाइलवर फोटो काढतोय. कालच्या लालीशी आजची ताडून बघायला स्मरणशक्तीपेक्षा फोटो बरा.

रात्री कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांच्याबद्दल वाचत बसलो. १९४६ साली ते तमिळनाडूतल्या वेलोरला आले. कुष्ठरुग्णांच्या हातापायांची बोटं आजाराने आपोआप झडतात असा तेव्हा समज होता. ब्रँड यांना दिसलं ते वेगळंच: वेदना कळेनाशी झाल्यामुळे माणसं जखमेवरच चालत राहतात, भाजलं तरी हात काढत नाहीत, आणि त्यातून हातपाय जातात. धडधाकट माणसाच्या टाचेला साधा खडा बोचला तरी तो नकळत भार दुसऱ्या पायावर टाकतो. लंगडणं म्हणजे पायाने स्वतःला वाचवणं. पुढे अमेरिकेत काम करताना त्यांनी हेच मधुमेहींच्या पायांना लावलं.

वाचून झाल्यावर हिला उठवून सांगावंसं वाटलं. उठवलं नाही.

शनिवार

काल डॉक्टरांनी जखम पाहिली, कोरडी होतेय, संसर्ग नाही. मग एक नायलॉनची बारीक तार काढली. दहा ग्रॅमचा दाब पडला की वाकते. हिला डोळे मिटायला सांगितले आणि तळपायावर एकेका ठिकाणी टेकवत गेले. "लागली की हो म्हणा." उजव्या पायाला बहुतेक ठिकाणी हो. डाव्या अंगठ्याखाली तार वाकली, ही गप्प. टाचेपाशी वाकली, गप्प. मी समोर बसून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हो म्हण ना गं.

आता अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. घरासाठी एमसीआरची चप्पल घेतली, कुष्ठरुग्णांना देतात त्याच मऊ रबराची, मागे पट्टा असलेली. यावरून वाद झालाच. देवघरात आणि तुळशीपाशी चप्पल? तिला ते पटणं शक्य नाही, आणि मला तिची श्रद्धा मोडायची नाही. शेवटी ठरलं की देवघरापुरती एक वेगळी जोडी, जी घराच्या दुसऱ्या कुठल्याही जागी वापरायची नाही. तुळशीला पाणी मी घालेन. त्यावर ती म्हणाली, "मंत्र म्हणता येतात का?" येत नाहीत. शिकेन.

आणि रोज रात्री झोपण्याआधी दोन्ही तळवे मी बघणार, फोड बरा झाल्यावरही. स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसत नाही, गुडघे धरलेल्या माणसाला तर नाहीच. चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकायची, आत हात फिरवायचा, हेही माझ्याकडे.

पुढच्या वर्षीच्या वारीचं तिने आजच विचारलं. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलेलं नाही. योग्य बूट, सुके मोजे जास्तीचे, आणि दर थोड्या अंतराने थांबून पाय तपासायला सोबत कुणीतरी हवं, एवढ्या अटी. मी म्हटलं, मी येतो. तर म्हणाली, "बायकांच्या दिंडीत तुम्ही कुठे?" म्हटलं, मागून चालेन, पिशवीत गॉज आणि मोजे घेऊन.