त्सो कार: पाण्याला वाट नसलेलं पठार

मनाली-लेह रस्त्यावर पांग सोडून वर चढलं की मोरे मैदान लागतं. उंची सुमारे ४,७०० मीटर आणि रस्ता मात्र नाकासमोर सरळ! सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला पठार म्हणजे माथा, चहूबाजूंनी कडे. इथे उलटं आहे: सपाटी खाली पसरलेली आणि डोंगर तिच्या कडेने उभे. हा लडाखमधला चांगथांग, तिबेटच्या अफाट पठाराचं पश्चिमेकडचं टोक.

डेब्रिंगजवळ उजवीकडे वळून आम्ही त्सो कार या खाऱ्या सरोवराला गेलो आणि या सपाटीचं कोडं मला तिथे उलगडलं. आपल्याकडे पाऊस कातळ कापतो, गाळ घेऊन समुद्राकडे धावतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. हिमालयाच्या आडोशाला असलेल्या लेहला जेमतेम १००. सिंधू याच प्रदेशातून वाहते, पण त्सो कारचं पाणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. डोंगर झिजतात, त्यांची रेती-माती खोऱ्यातच साचते आणि तळ भरत जातो. भारतीय भूखंड आशियावर आदळून जमीन उचलली गेली खरी, पण तिला सपाट केलं ते या अडकलेल्या पाण्याने.

आजूबाजूच्या उतारांवर, आजच्या पाण्याच्या कितीतरी वर, जुन्या किनाऱ्यांच्या आडव्या रेषा स्पष्ट दिसतात. कधीकाळी सरोवर तिथवर होतं! दक्षिणेला लहानसं स्टार्टसापुक त्सो आहे. त्याचं पाणी गोडं, कारण ते ओढ्याने त्सो कारमध्ये उतरतं. त्सो कारला पुढे वाट नाही. तिथलं पाणी फक्त उन्हावाऱ्याने उडतं आणि काठावर मिठाचा पांढरा थर उरतो. पूर्वी चांगपा पशुपालक हे मीठ मेंढ्यांच्या पाठीवर लादून दूरवर विकायला नेत.

मला मोठ्या सरोवरापेक्षा हे धाकटंच जास्त आवडलं. काठच्या ओल्या गवतात काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात. २०२० मध्ये या पाणथळींना रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता, मिळाला, तरी फोटोसाठी थेट काठापर्यंत गाडी नेणारे आहेतच. कृपा करून असं करू नका. हिरवळीचा हा पट्टा अगदी अरुंद आहे, तिथे चाकांखाली अंडी येऊ शकतात, आणि पश्मिना देणाऱ्या चांगपांच्या शेळ्याही याच गवतावर जगतात.