तुम्ही विचारलंत म्हणून: फिरताना कुत्रीचे लक्ष कोणाकडे असते?

सोलापुरातल्या धर्मवीर संभाजी तलावाच्या बाजूला संध्याकाळी फिरायला येणारे, स्वतःचा कुत्रा सोबत आणलेले अनेक जण मला एकच प्रश्न विचारतात. "तुमची तांबू चालता चालता मध्येच तुमच्याकडे वळून पाहते. आमचा मात्र साखळी ओढत पुढे धावतो, हाका मारून घसा कोरडा पडला तरी ऐकत नाही. तुम्ही तिला काय शिकवलेत?" रस्त्यात उभे राहून दिलेले उत्तर नेहमीच अपुरे राहते, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते.

वळून पाहायला मी तिला शिकवलेले नाही. ती वळून पाहते तेव्हा तिला माझ्याकडून उत्तर मिळते, इतकेच. फिरायला बाहेर पडलेला जवळजवळ प्रत्येक कुत्रा आपल्या माणसाकडे अधूनमधून एक नजर टाकत असतो. ही नजर क्षणभराची असते आणि नेमक्या त्याच क्षणी आपण मोबाइल पाहत असतो किंवा सोबतच्या माणसाशी महापालिकेच्या पाण्याच्या वेळापत्रकावर बोलत असतो. ज्या कृतीतून काहीच हाती लागत नाही, ती कोणताही प्राणी हळूहळू सोडून देतो. नजर टाकणे असे कमी कमी होत जाते आणि मग आपण तक्रार करतो की कुत्र्याचे लक्षच नसते.

यावर हमखास येणारा शेरा म्हणजे, "तुमची गावठी असूनही एवढी हुशार कशी?" या 'असूनही'ला माझा आक्षेप आहे. माणसाकडे पाहणे ही कुत्र्याच्या जातीची नव्हे, तर कुत्रा या प्राण्याचीच खूण आहे. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००३ मध्ये केलेल्या प्रयोगात कुत्र्यांना आणि माणसांनी हाताने वाढवलेल्या लांडग्यांना आधी खाणे मिळवण्याची युक्ती शिकवली आणि नंतर ते मिळणे अशक्य करून ठेवले. लांडगे स्वतःच खटपट करत राहिले, कुत्री मात्र लवकरच मागे वळून माणसाच्या तोंडाकडे पाहू लागली. २०१५ मध्ये जपानी संशोधकांना असे आढळले की मालकाच्या डोळ्यांत अधिक वेळ पाहणाऱ्या कुत्र्यांच्या आणि त्या मालकांच्या, दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडलेले संप्रेरक वाढते. आपल्याकडे कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी तर कोणतेही प्रशिक्षण न मिळालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवरच प्रयोग केले. माणसाने बोटाने दाखवलेल्या भांड्याकडे त्यांतली बरीच कुत्री गेली; जी बुजरी होती ती जवळच आली नाहीत. तेव्हा गल्लीतून उचलून आणलेले पिल्लू घरी असेल, तर तुमच्याकडे काही कमी आहे असे समजू नका.

प्रत्यक्षात काय करायचे, तर सुरुवात घरातच करावी, कारण तिथे हुंगायला नवे काही नसते. कुत्र्याने आपण होऊन तुमच्याकडे पाहिले की त्याच क्षणी "शाब्बास" म्हणावे आणि लगेच बोटाच्या पेराहूनही लहान तुकडा द्यावा. हा 'लगेच' फार महत्त्वाचा आहे. तुम्ही खिसा चाचपत राहिलात आणि तोवर त्याने जमीन हुंगली, तर त्याच्या हिशेबी बक्षीस जमीन हुंगण्याचे ठरते. घरात हे जमले की जिन्यात, मग गल्लीत, मग मोठ्या रस्त्यावर जावे. घरी उत्तम बसणारा कुत्रा सात रस्त्याच्या गजबजलेल्या चौकात बसत नाही, यात हट्ट नसतो. जागा बदलली की त्याच्यासाठी धडा बराचसा नव्याने सुरू होतो. बक्षीस म्हणून उकडलेले चिकन, पनीर किंवा बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे चालतात. शेंगाचटणी आपल्याला कितीही प्रिय असली तरी तिखट, मीठ आणि लसूण यांमुळे ती वर्ज्य आहे, आणि बेदाणा तर चुकूनही देऊ नये. आपल्या जिल्ह्यात द्राक्षे आणि बेदाणे घराघरांत असतात, म्हणून हे मुद्दाम सांगते: त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

हाक एकदाच मारावी. नाव सतत उच्चारत राहिल्यास ते रस्त्यावरच्या हॉर्नसारखे होते. ऐकू येते, पण त्याची दखल कोणी घेत नाही. जवळ बोलावून रागावणे त्याहून वाईट, कारण जवळ येण्याची किंमत काय असते हे कुत्रा एका खेपेत शिकतो.

साखळीबद्दल थोडेच सांगते. जड लोखंडी साखळीऐवजी साधारण दोन मीटरचा कापडी पट्टा आणि छातीवर बसणारा हार्नेस वापरावा. पट्टा ताणला गेला की तुम्ही थांबावे, सैल झाला की चालू लागावे. आपोआप लांब होणाऱ्या दोरीत ताण कायमच असतो, त्यामुळे ओढले तरच पुढे जाता येते हेच कुत्रा शिकतो. मला ती दोरी आवडत नाही.

मात्र या सगळ्यापेक्षा कठीण भाग माणसाकडे आहे. लक्ष आपण कुत्र्याकडून मागतो, पण त्याच्याकडे आपले लक्ष आहे का, हे कोणी तपासत नाही. सोलापुरात प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी तिथल्या कुत्र्यांची स्वतःची टोळी असते आणि तिची हद्द कुठे सुरू होते हे तांबूला माझ्या कितीतरी आधी कळते. ती भुंकण्यापूर्वी आधी तिचे उघडे तोंड मिटते, मग कान पुढे येतात, शेपूट ताठ वर जाते आणि पाऊल किंचित जड पडते. एवढे घडेपर्यंत ती अजून माझी असते. हाक मारली तर वळते आणि तुकडा खाते. त्यानंतर ती भुंकत पट्ट्यावर उसळली की चिकन काय आणि शाब्बासकी काय, काहीच तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून तोंड मिटलेले दिसताच मी रस्ता ओलांडते किंवा मोठा वळसा घेते. पाहणाऱ्यांना यात घाबरटपणा दिसतो, दिसू द्यावा. कुत्र्याचे भान टिकेल इतके अंतर राखणे हेच निम्मे प्रशिक्षण आहे. ज्यांच्याकडे कारवानी आहे त्यांनी तर हे अंतर आणखी वाढवावे, कारण तो नजरेवर शिकार करणारा कुत्रा आहे आणि लांबवर पळणारी शेळीदेखील त्याला पुरते.

याचा अर्थ कुत्र्याने पूर्ण वेळ आपल्या तोंडाकडे पाहत चालावे असा मुळीच नाही. तसे चालणारे कुत्रे संचलनात शोभतात. फिरणे हे तिचे आहे, म्हणून एखाद्या खांबापाशी तिला मनसोक्त हुंगू द्यावे आणि आपण शेजारी शांतपणे उभे राहावे. नाकाने जग वाचणाऱ्या प्राण्याला दर दोन पावलांवर खेचत नेले, तर तो आपल्याला अडथळा मानू लागतो आणि अडथळ्याकडे कोणी प्रेमाने वळून पाहत नाही.

लक्ष नसण्याची काही कारणे शिकवणीबाहेरची असतात. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशीच्या वर जातो आणि डांबर सूर्यास्तानंतरही बराच वेळ तापलेले राहते. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. ती ठेवता आली नाही, तर त्या रस्त्यावर पंजेही ठेवू नयेत. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड करतो, म्हणून जीभ बाहेर काढून धापणाऱ्या कुत्र्याला "इकडे बघ" म्हणणे निरर्थक आहे. त्याला पाणी आणि सावली हवी असते. उन्हाळ्यात आम्ही पहाटे निघतो. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानाकडून शोभेच्या दारूकामाचे आवाज येऊ लागले की तांबू आवडता तुकडाही तोंडात घेत नाही. एरवी अधाशी असलेला कुत्रा खाणे नाकारतो तेव्हा तो घाबरलेला असतो, आणि भीतीत शिकवणी होत नाही. त्या संध्याकाळी आम्ही दारे-खिडक्या लावून घरातच थांबतो.

शेवटचा उपप्रश्न बहुतेक वेळा असा असतो की माझे ऐकतो, पण घरात दुसऱ्या कोणाचे का ऐकत नाही. सर्वांनी मिळून एका गोष्टीसाठी एकच शब्द ठरवावा आणि शब्द पाळल्याचे बक्षीसही सर्वांनीच द्यावे. भाषा कोणती, याने फरक पडत नाही. आमच्या शेजारच्या आजी शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातून इकडे राहायला आल्या. त्या तेलुगूत एकदाच "रा" (ये) म्हणतात, आणि माझ्या हाका कानाआड करणारी तांबूदेखील तडक त्यांच्या दाराशी जाते, कारण आजींच्या पदराआड भाकरीचा तुकडा नेहमी तयार असतो.