फोडणी, धुराडं आणि अडकलेली सही

घर तापवायची लाकडाची शेगडी दिवाळीच्या आठवड्यात घरात आली आणि पेटली ती संक्रांत होऊन गेल्यावर. मधले बारा आठवडे दिवाणखान्यात दीड क्विंटलचं लोखंड थंडगार बसून होतं, गॅसचं बिल वाढत होतं, आणि मी एका माणसाच्या सहीची वाट बघत होते. जर्मनीत घर घेतलेल्या आपल्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहिते आहे.

आम्ही श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो. घर जुनं. आधीच्या मालकांची शेगडी 1988 ची होती, आणि त्या काळातल्या शेगड्यांना कायद्यानं दिलेली मुदत 2020 च्या शेवटी संपली, म्हणून त्यांनी ती काढून टाकली होती. धुराडं मात्र शाबूत. 2022 च्या ऑगस्टअखेर समुद्राखालच्या नळीतून येणारा रशियाचा गॅस बंद झाला आणि गावात जो तो लाकडाच्या शेगडीमागे लागला. आम्हीही सात किलोवॅटची घेतली. दुकान, पैसे, गाडी, बसवणं, सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडलं ते पुढे. इथे नवी शेगडी बसवली की तुमच्या भागासाठी नेमलेला धुराडेवाला, शोर्नश्टाइनफेगर, येऊन तपासतो आणि लिहून देतो. त्याशिवाय काडी लावायची नाही. 2013 पासून धुराडं साफ करायला कुणालाही बोलावता येतं, पण ही तपासणी आणि घराघरातल्या शेगड्यांची दर काही वर्षांनी होणारी पाहणी त्या नेमलेल्या माणसाकडेच राहिली आहे. दुसरा शोधता येत नाही. आमच्याकडे फोन उचलला जायचा सकाळी साडेसात ते आठ, आणि पहिली तारीख मिळाली पाच आठवड्यांनंतरची.

ते आले, काळ्या कोटात, बूट दारात पुसून. माणूस सभ्य. धुराड्यात आरसा घालून बघितलं, शेगडीमागच्या भिंतीपासूनचं अंतर मोजलं, खोली मोजली. हवा खोलीतूनच घेणाऱ्या शेगडीला दर किलोवॅटमागे चार घनमीटर जागा लागते, म्हणजे आम्हाला 28, आणि खोली त्याहून बरीच मोठी आहे. मला वाटलं, झालं. तेवढ्यात ते स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावरच्या एक्झॉस्टकडे बघून थांबले.

हा एक्झॉस्ट मी हौसेनं घेतला होता. तासाला 600 घनमीटर हवा बाहेर फेकतो. मोहरी तडतडली, मिरची पडली, तरी पडद्यांना वास नाही. त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्या लावायला सांगितल्या. एका खिडकीच्या फटीतून बारीक रबरी नळी बाहेर सोडली, तिचं दुसरं टोक हातातल्या यंत्राला जोडलं आणि मला एक्झॉस्ट पूर्ण सोडायला लावला. यंत्रावरचा आकडा 1, 3, 6 असा चढत 9 वर स्थिरावला. मर्यादा 4 पास्कलची, म्हणजे घरातला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा फार तर तेवढाच कमी चालतो. मला काही कळलेलं नाही हे माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट करून उदबत्ती मागितली. सासूबाईंनी पेटवून दिली. त्यांनी ती शेगडीच्या उघड्या दारापुढे धरली. धूर आत ओढला जाऊन वर जायला हवा होता. तो सरळ आमच्या अंगावर आला आणि जमिनीलगत स्वयंपाकघराकडे निघाला.

आता खिडक्या नव्या, तीन काचांच्या, हवेला फट नाही. एक्झॉस्ट ओढतो तेवढी हवा कुठून तरी यायलाच हवी, ती धुराड्यातून उलटी खाली येते आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड आणते. त्याला वास नसतो. सासूबाई पाटणकडच्या. चुलीच्या धुरात आयुष्य गेलं त्यांचं, पण तिथे कौलांतून धूर जायला वाट होती. त्या म्हणाल्या, "अगं, हे घर म्हणजे झाकण लावलेला डबा आहे." धुराडेवाल्यांनी सही केली नाही. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. आता त्या एका गोष्टीसाठी येत नाही.

राग येतो तो पुढच्या सात आठवड्यांचा. त्यांनी सांगितलं, खिडकीला स्विच लावा. खिडकी उघडी असेल तरच एक्झॉस्टला वीज मिळेल. मी त्याच रात्री ऑनलाइन एक मागवला, नवऱ्यानं बसवला, झकास चालला. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. ते आले, डबी उलटी करून बघितली आणि मान हलवली. बर्लिनच्या बांधकाम-तंत्र संस्थेचा, म्हणजे डीआयबीटीचा, मान्यता क्रमांक तिच्यावर नव्हता. तो असलाच पाहिजे, हे पहिल्या भेटीत एका वाक्यात सांगता आलं असतं! त्यांनी ठेवलेल्या कागदावर शब्द एवढाच, "खिडकीचा स्विच". मी तो कागद त्यांच्यापुढे धरला. ते म्हणाले, हे सगळ्यांना माहीत असतं. सगळ्यांना म्हणजे कुणाला? मग नाताळ आला, इलेक्ट्रिशियन मिळेना, आणि चार आठवडे गेले. तिसऱ्या खेपेला दहा मिनिटांत काम झालं आणि सही मिळाली.

म्हणून शेगडी विकत घेण्याआधी, दुकानात पाऊल टाकण्याआधी, धुराडेवाल्याला बोलवा. स्वयंपाकघर त्याला आधी दाखवा आणि काय हवं ते मान्यतेच्या क्रमांकासह लिहून मागा. दुकानदार "बाहेरची हवा घेणारी" शेगडी दाखवेल. नुसती बाहेरून नळी जोडता येणं वेगळं, आणि खोलीच्या हवेवर अवलंबून नसल्याची डीआयबीटीची मान्यता असणं वेगळं. ती मान्यता असलेली घेतली असती तर स्विचची गरज कदाचित पडली नसती. कोळशाची जाळी लावून हवा घरातच फिरवणारा एक्झॉस्ट हाही एक मार्ग आहे, पण मग फोडणीचा वास घरात राहतो. मी तो घेतला नाही. आता बाहेर उणे सहा असलं तरी फोडणीच्या वेळी खिडकी कलती असते, तेवढी पाच मिनिटं शाल घेते.

लाकडाचं राहिलंच. त्या वर्षी "वाळलेलं" म्हणून आलेलं बीच झाडाचं लाकूड ओलाव्याच्या मीटरवर 32 दाखवत होतं. 25 टक्क्यांवर ओलावा असलेलं जाळायचं नाही, कायदाच आहे, आणि काचही काळी होते. ओंडका नव्यानं फोडून मधोमध मोजा. टोकाला मोजाल तर फसाल. दोन फाटी एकमेकांवर आपटून बघा, वाळलेली खणखणतात, ओली दबकी वाजतात. हे सासूबाईंनी मीटरशिवाय सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. जाळ मात्र त्यांच्या पद्धतीनं खालून लावू नका. जाड फाटी खाली, ढलप्या वर आणि आग सगळ्यात वरून. धूर फार कमी होतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्याच, स्विच असला तरी. आणि राख पत्र्याच्या झाकणाच्या बादलीतच ठेवा, दुसऱ्या दिवशीही तिच्यात निखारा सापडतो.

सही मिळाली त्या संध्याकाळी फाटी सासूबाईंनी रचली. पहिल्या अर्ध्या तासात नव्या रंगाचा वास आला, खिडक्या उघडाव्या लागल्या. मग काचेमागे जाळ स्थिर झाला, आणि त्या खुर्ची ओढून तळपाय शेकत बसल्या ते जेवायला हाक मारेपर्यंत उठल्या नाहीत.