बर्फात कुत्रा नेताय? जॅकेट राहू द्या, पंजे बघा

नागटिब्ब्याच्या ट्रेकचे फोटो टाकले तेव्हापासून जो तो विचारतोय, आमच्या कुत्र्याचं, भुट्ट्याचं जॅकेट कुठून घेतलं. अहो कुठूनही घ्या, नाहीतर जुना स्वेटर कापा, पण बर्फात खरे हाल होतात ते पंजांचे आणि ते कुणी विचारतच नाही.

भुट्टा म्हणजे आमचा इंदुरी देशी, भुट्ट्याच्या किसासाठी प्रसिद्ध सराफ्याच्या गल्लीत सापडला म्हणून हे नाव, केस एकदम आखूड. इंदूर साडेपाचशे मीटरवर आणि नागटिब्बा 3022, उत्तराखंडात मसुरीच्या पलीकडे. पायथ्याच्या पंतवाडी गावाहून निघालो तेव्हा खाली नुसता चिखल होता, वर बुरांशच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) झाडांच्या सावलीत बर्फ लागला आणि भुट्ट्याला येडच लागलं, नाक खुपसून पळतोय काय, लोळतोय काय.

आता कुत्र्याचा पंजा थंडीला तसा पक्का असतो, पंजाकडे जाणारं गरम रक्त परत येणाऱ्या गार रक्ताला तापवून देतं, रक्तवाहिन्या अगदी खेटून असतात ना. घोळ बोटांमधल्या केसांचा. त्यात बर्फ चिकटतो, थोडा वितळतो, परत गोठतो आणि साबुदाण्याएवढा दाणा बघता बघता बोराएवढा होतो, मग हा बसला मधेच पंजा चावत. म्हणून निघायच्या आधी ते केस कापा, व्हॅसलीन चोपडा, आणि गोळे झालेच तर ओढू नका, मुठीत धरून वितळू द्या. बूट घालणार असाल तर सवय घरीच करा. आमच्याकडे पहिल्यांदा घातले तर हा हॉलमध्ये असे पाय उचलून चालला की आईच्या हातातला पोह्यांचा झारा तसाच राहिला, "अरे काढ ते, काय छळतोस त्याला!"

तुमच्या बुटांना स्पाइक्स असतील तर त्याला पायात येऊ देऊ नका, पंजा फाटेल. आणि उतारावर पट्टा कमरेला बांधायचा नाही, तो एक हिसका देतो आणि तुम्ही डायरेक्ट खाली.

बर्फ खातोय म्हणजे पाणी मिळतंय असं समजू नका, उलट अंग गार पडतं. थर्मासमधून कोमट पाणी पाजा, खाणं जास्त न्या. कुडकुडतोय, सारखा पंजा उचलतोय, की परत फिरा. कुडकुडणं थांबून सुस्त झाला तर मात्र जास्त घाबरायचं, तेव्हा लगेच कोरडं करून ब्लँकेटमध्ये घ्या. आम्ही नागदेवतेच्या मंदिरापासूनच फिरलो, शिखर राहिलं, राहू दे.

रात्री मात्र तंबूतच, पट्टा हाताला. तिकडे गुलदार, म्हणजे बिबट्या, कुत्रे उचलतो, म्हणून गावातल्या भोटिया, म्हणजे पहाडी राखणदार कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा असतो. असला एक भोटिया समोर आला तर आमचे साहेब थेट माझ्या दोन पायांमध्ये घुसले. आणि इथे गल्लीत काय दादागिरी, विचारू नका.